नॉब एकच, अर्थ दोन

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान भर दुपारी बंगलोरच्या जुन्या विमानतळाजवळ आलं होतं. आभाळ स्वच्छ होतं, धावपट्टी समोर दिसत होती, इंजिनं ठणठणीत होती. विमान तर कोरं करकरीत, एअरबस ए-३२० जातीचं. वैमानिकाच्या हातातल्या दांड्याचा हुकूम आधी डिजिटल संगणकाकडे आणि तिथून पंखांवरच्या झडपांकडे जायचा, अशा बनावटीचं हे जगातलं पहिलं प्रवासी विमान. धावपट्टी सातेकशे मीटर पुढे असतानाच ते वाटेतल्या गोल्फच्या मैदानावर आदळलं, उसळलं आणि पुढच्या बांधावर जाऊन धडकलं. आतल्या १४६ जणांपैकी ९२ जण दगावले.

या विमानात वैमानिकांच्या डोळ्यांसमोर, काचेच्या खालच्या कडेला, गोल नॉबची एक पट्टी असते. एका नॉबनं वेग ठरवायचा, एकानं दिशा, एकानं उंची आणि त्याच्या शेजारच्यानं खाली उतरण्याचा दर. चौकशीत अंदाज निघाला तो असा: मिनिटाला सातशे फूट या दरानं उतरायचं होतं, पण हात बहुधा शेजारच्या नॉबवर गेला आणि सातशे फूट ही उंचीच भरली गेली. आकडा तोच, अर्थ निराळा. संगणकानं त्याचा अर्थ घेतला की विमानाला लवकर खाली यायचंय. त्यानं इंजिनांची ताकद अगदी किमान पातळीवर आणली. आता वेग राखण्याची जबाबदारी इंजिनांकडे उरली नव्हती, ती विमानाच्या नाकाच्या कलावर आली होती. वैमानिक मात्र धावपट्टीचा मार्ग सोडायचा नाही म्हणून नाक वर धरत राहिले आणि वेग हळूहळू गळत गेला. दोघांसमोर दिशादर्शक पट्ट्या दाखवणारी सोय असते. दोन्हीकडची बंद झाली असती तर संगणक वेग सांभाळायला आपणहून धावला असता. एकच बंद झाली. घोटाळा लक्षात येऊन ताकद वाढवली तोवर जमीन फार जवळ आली होती, आणि झोपेतल्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतातच.

यात आणखी एक बारकावा आहे. तेव्हाच्या बऱ्याच विमानांत संगणक इंजिनांची ताकद कमी-जास्त करू लागला की मधल्या कप्प्यातले दांडेही मोटरनं पुढे-मागे सरकत. वैमानिकाचा हात त्यांच्यावर असला की न बघताही कळे, इंजिनं मंदावली. ए-३२० मध्ये हे दांडे एका खाचेत स्थिर राहतात. माहिती पडद्यावर असते, पण हाताला काही कळत नाही. अपघातानंतर भारत सरकारनं या जातीची सगळी विमानं कित्येक महिने जमिनीवर ठेवली. चौकशीनं मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला, आणि वेगाकडे त्यांचं दुर्लक्ष झालं हे खरंच होतं. पण दोन तरबेज माणसांचं एकाच वेळी दुर्लक्ष व्हावं, याला काही कारण असतं आणि ते माणसांच्या डोक्याबाहेरही शोधावं लागतं.

दोनच वर्षांनी, २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी, फ्रान्समध्ये लियोंहून स्ट्रासबर्गला निघालेलं एअर इंटरचं ए-३२० काळोखात डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ जण गेले. इथे प्रश्न शेजारच्या नॉबचा नव्हता, एकाच नॉबचा होता. उतरण्याचा हा नॉब दोन प्रकारे बोलायचा. एका मोडमध्ये तो उताराचा कोन अंशांत घ्यायचा, दुसऱ्यात उतरण्याचा दर, मिनिटाला किती शंभर फूट असा. मोड बदलायला एक छोटं बटण. कोनाच्या मोडमध्ये खिडकीत दिसायचं ‘-३.३’, दराच्या मोडमध्ये ‘-३३’. पहिल्याचा अर्थ सौम्य उतार, मिनिटाला साधारण आठशे फूट. दुसऱ्याचा अर्थ मिनिटाला तीन हजार तीनशे फूट. फरक एका टिंबाचा! नेमकं काय झालं ते चौकशीला छातीठोक सांगता आलं नाही, पण मोडचा हा गोंधळ सगळ्यात संभवनीय ठरला. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्रही त्या विमानात बसवलेलं नव्हतं. पुढे एअरबसनं खिडकीतला दराचा आकडा पूर्ण चार अंकी केला. ‘-३३००’ आणि ‘-३.३’ यांत घाईतही गफलत होत नाही. दुरुस्ती इतकी साधी, की ती आधी कुणाला का सुचली नाही असं वाटावं.

खरं तर सुचायला हवी होती, कारण हा धडा पन्नास वर्षांपूर्वीच गिरवून झाला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमानं सुखरूप परतायची, धावपट्टीवर टेकायची आणि मग वैमानिक स्वतःच्या हातानं चाकं आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर. अनुभवी माणसंही हे करत. १९४३ मध्ये अल्फोन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला या प्रकाराचा छडा लावायला सांगितलं गेलं. त्यानं वैमानिकांची बुद्धी तपासली नाही, कॉकपिट पाहिलं. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका एकमेकांना खेटून होते आणि दिसायला जुळे होते. ज्या विमानांत हे खटके वेगळे होते तिथे ही चूक होत नव्हती. चपानिसनं चाकांच्या खटक्याच्या टोकाला रबरी चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचर. अंधारातही बोटांना कळू लागलं. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याचं टोक चाकाच्या आकाराचं असतं.

युद्धानंतर १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० अनुभवांची छाननी केली. चुकांचे साचे ठरलेले निघाले: एकाऐवजी दुसरा खटका, उलट दिशेला फिरवलेली मूठ, विसरलेला टप्पा. माणसं निरनिराळी आणि चूक मात्र तीच, असं वारंवार दिसलं की खोट कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

खटक्यांचा आकार बदलणं तसं सोपं. पण यंत्र इतकं मोठं असलं की आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसणारच नाही, तेव्हा काय करायचं? २८ मार्च १९७९ च्या पहाटे चार वाजता अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात हा प्रश्न उभा राहिला. पाणीपुरवठ्यात बिघाड झाला, दाब वाढला, तो कमी करायला एक झडप आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. मिटण्याचा आदेश सुटला आणि नियंत्रण कक्षातला दिवा विझला. कामावरच्या लोकांनी गृहीत धरलं की झडप मिटली. प्रत्यक्षात ती उघडीच अडकली होती आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी तिच्यातून वाहून चाललं होतं.

तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. तो जोडला होता आदेशाला. लिफ्टचं बटण दाबलं की त्यातला दिवा लागतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असली तरी लागतो. थ्री माइल आयलंडचा दिवा तितकंच सांगत होता.

भरीला गजर. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त गजर वाजू लागले, आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता आणि फालतू कोणता, हे सांगायची काहीच सोय नव्हती. संगणक प्रत्येक गजराची नोंद छापत होता, पण छपाई इतकी मागे पडली की एका टप्प्यावर कागदावर दोन तासांपूर्वीच्या बातम्या येत होत्या. एका मापकानुसार पाणी भरपूर होतं (ते मोजत होतं दुसऱ्याच टाकीतलं), म्हणून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीही कमी केलं. शिकवलं तसंच त्यांनी केलं. सहा वाजून गेल्यावर पुढच्या पाळीचा एक जण आला. त्याच्या डोक्यात आधीच्या दोन तासांची समजूत रुतलेली नव्हती. झडपेच्या मार्गातली दुसरी झडप बंद करायला त्यानं सांगितलं आणि गळती थांबली. पण तोवर उशीर झाला होता; अणुभट्टीचा निम्म्याच्या आसपास गाभा अखेर वितळलाच.

चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. हे गणिती म्हणजे सामान्य विद्यार्थ्याला संगणक वापरता यावा म्हणून थॉमस कर्ट्झ यांच्यासोबत ‘बेसिक’ भाषा तयार करणारेच केमेनी. आयोगानं कर्मचाऱ्यांच्या चुका मोजल्या, पण तेवढ्यावर थांबला नाही. प्रशिक्षण, सूचना, कक्षाची मांडणी, कंपनी आणि सरकारी देखरेख या सगळ्यांना त्यानं जबाब विचारला.

यंत्राचं बोलणं किती दुर्बोध असू शकतं, याचा उच्चांक मात्र एका वैद्यकीय यंत्रानं केला. थेराक-२५ हे कॅनडात बनलेलं कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं किमान सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली आणि त्यांतले किमान तिघे त्यामुळे दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा किरण अडवणारे यांत्रिक अडसर होते. इथे ते काढून तो भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. माहिती भरणाऱ्या तंत्रज्ञाचा हात सरावानं जलद झाला आणि त्यानं काही सेकंदांत नोंद दुरुस्त केली, की सॉफ्टवेअरचे दोन भाग एकमेकांना चुकत. पडद्यावर यायचं ‘बिघाड ५४’. म्हणजे काय, ते वापरणाऱ्याच्या पुस्तिकेत सापडत नव्हतं. असले संदेश दिवसातून कितीतरी वेळा यायचे, आणि पुढे जायला एक कळ दाबली की पुरे. तंत्रज्ञ ती दाबत. रोज वेळी-अवेळी ओरडणाऱ्या यंत्राचं ऐकायचं नाही, हे त्या यंत्रानंच त्यांना शिकवलं होतं.

मग माणसाला बाजूलाच का काढू नये? १९८३ मध्ये लंडनच्या लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. या विषयात तो आजही पहिल्यांदा वाचायला दिला जातो. त्यांचा मुद्दा असा: अभियंता माणसाला बेभरवशाचं समजून सोपी कामं यंत्राकडे देतो. यंत्राला न जमणारी, म्हणजेच सगळ्यात अवघड कामं, माणसाकडे उरतात. रोजचा सराव सुटल्यामुळे माणसाच्या हाताची सफाई जाते, आणि नेमका बिघाडाच्या क्षणी त्याच्याकडून उत्तम हाताची अपेक्षा केली जाते. एरवी त्याच्याकडे काम काय, तर नुसतं बघत बसणं. ते तर माणसाला सगळ्यात कमी जमतं. नॉर्मन मॅकवर्थनं १९४८ मध्येच रडारवाल्यांसाठी केलेल्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं की पहिल्या अर्ध्या तासातच पहारेकऱ्याचं लक्ष लक्षणीयरीत्या ढळतं.

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली असतो तो ‘डेड मॅन्स हँडल’, म्हणजे दाबून धरायची मूठ. ती सुटली तर ब्रेक लागतात. चक्कर आलेल्या मोटरमनपासून गाडी वाचवायला ही युक्ती उत्तम. पण मूठ दाबली जातेय म्हणजे हात जागेवर आहे, एवढंच तिला कळतं. लक्ष कुठे आहे ते तिच्या आवाक्याबाहेर. म्हणून रेल्वेत दुसरी तोडही आहे: लांबच्या गाड्यांत लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की हात करून त्याचा रंग मोठ्यानं पुकारतात. जपाननं बोट दाखवून पुकारण्याची ही पद्धत स्टेशन मास्तरपासून कारखान्यापर्यंत नेली. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये घेतलेल्या चाचणीत साध्या कामातल्या चुका शेकडा २.३८ वरून ०.३८ वर आल्या. नवख्याला हा प्रकार विनोदी वाटतो, पण कमी खर्चात इतका गुण देणारं तंत्रज्ञान विरळाच.

बेनब्रिजबाईंनी मांडलेली सगळी कलमं एकाच रात्री लागू झाली ती १ जून २००९ रोजी. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे अटलांटिकवरून पस्तीस हजार फुटांवर चाललं होतं. आत २२८ माणसं. कप्तान नुकतेच विश्रांतीला गेले होते आणि कॉकपिटमध्ये दोघे सहवैमानिक होते. जागतिक वेळेनुसार रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली असताना बाहेरचा वेग मोजणाऱ्या तीन नळ्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात. संगणकानं अशा वेळी करायचं ठरलेलं होतं तेच केलं: ऑटोपायलट सोडला आणि विमान माणसांच्या हवाली केलं. शिवाय विमानाला धोक्याच्या कलापर्यंत जाऊ न देणारं कुंपणही त्यानं काढून घेतलं. कारण वेगच माहीत नसताना कुंपण कुठे घालणार?

नळ्या बंद होत्या जेमतेम मिनिटभर. कल आणि ताकद ठरावीक ठेवून तेवढा वेळ काढला असता तर काही झालं नसतं. अशाच प्रसंगातून आधी इतर विमानं सुखरूप निघाली होती. पण उजवीकडच्या वैमानिकानं दांडा मागे ओढला. विमान वर चढत अडतीस हजार फुटांच्या जवळ पोचलं आणि त्याचा वेग ओसरला. इतक्या उंचीवर स्वतःच्या हातानं विमान उडवायची वेळ एरवी वैमानिकांवर जवळजवळ येतच नसे. ते काम ऑटोपायलटचं. पंखांवरून हवा नीट वाहीनाशी होते त्याला स्टॉल म्हणतात. त्याचा इशारा सलग ५४ सेकंद वाजला. त्यावर दोघांपैकी कुणीही काही बोलल्याचं ध्वनिमुद्रणात नाही.

पुढचा भाग कुठल्याही रचनाकारानं पाठ करावा असा आहे. विमानाचं नाक वर आणि ते स्वतः पोटावर कोसळतंय, अशा अवस्थेत मोजलेला वेग साठ नॉटच्या खाली गेला. इतक्या कमी वेगाला पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनाचं माप विश्वासार्ह नसतं, म्हणून संगणकानं ते फेटाळलं आणि त्याबरोबर इशाराही गप्प झाला. वैमानिकानं दांडा थोडा पुढे केला, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग वाढायचा, माप पुन्हा ग्राह्य धरलं जायचं आणि इशारा पुन्हा किंचाळायचा. चुकीचं केलं की शांतता, बरोबर केलं की बोंब. संगणकाचा प्रत्येक नियम आपापल्या जागी समंजस होता. तिन्ही-चारी एकत्र आल्यावर मात्र समोरच्या माणसाला यंत्र नेमकं उलटं सांगत राहिलं.

आणि दांडे. या विमानात, म्हणजे एअरबस ए-३३० मध्ये, दोन्ही वैमानिकांच्या बाहेरच्या बाजूला, एकाच्या डावीकडे नि दुसऱ्याच्या उजवीकडे, हातभर जागेत छोटी साइडस्टिक असते. जुन्या विमानांत दोघांच्या समोरच्या मोठ्या मुठी एकमेकींना जोडलेल्या असत. एकानं ओढली की दुसऱ्याच्या गुडघ्यापाशी ती येई. इथे एकानं काय केलं ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही, अंधारात डोळ्यालाही नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक त्यांची बेरीज करतो. कप्तान दीड मिनिटानं परतले. तिघे मिळून कोडं सोडवत होते, पण एक जण बराच वेळ दांडा मागेच ओढत होता हे त्याच्या तोंडून बाकीच्यांना कळलं ते अगदी शेवटाला. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. अवशेष सापडले २०११ च्या एप्रिलमध्ये, समुद्राखाली ३,९०० मीटरवर.

यावरून संगणकाला कॉकपिटबाहेर काढा म्हणणं उथळपणाचं होईल. त्याच वर्षी १५ जानेवारीला न्यूयॉर्कवरून उडालेल्या ए-३२० च्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले आणि कप्तान सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरवलं. १५५ च्या १५५ वाचले. शेवटच्या क्षणांत ते दांडा मागे धरून होते आणि विमान स्टॉल होऊ न देण्याचं काम संगणकाचं कुंपण करत होतं. तिथे ते कुंपण शाबूत राहिलं, कारण एक छोटं सहायक इंजिन कप्तानांनी यादीत त्याची पाळी यायच्या आत, अगदी सुरुवातीलाच चालू केलं होतं आणि वीज टिकली होती.

बोइंगनं मात्र सगळे जुने धडे एकदम विसरून दाखवले. ७३७ मॅक्समध्ये नाक आपोआप खाली दाबणारं एक सॉफ्टवेअर होतं. विमानावर कोन मोजणारी दोन यंत्रं असताना ते एका वेळी एकाचंच ऐकत होतं. वैमानिकांच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नव्हता. मापक बिघडला की वैमानिक नाक वर ओढायचा, सॉफ्टवेअर पुन्हा खाली दाबायचं, आणि आपण कुणाशी झगडतोय हे वैमानिकाला ठाऊक नसायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसं गेली. विमान पुन्हा उडालं तेव्हा सॉफ्टवेअर दोन्ही मापकांची तुलना करत होतं आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर त्याची ओळख करून दिलेली होती.

एअर फ्रान्सच्या अपघातानंतर बदलली ती मुख्यतः शिकवणी. नळ्यांचं जुनं मॉडेल काढलं गेलं, उंचावरचा स्टॉल सिम्युलेटरवर आणला गेला, आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं २०१३ च्या जानेवारीत कंपन्यांना सांगितलं की शक्य तिथे वैमानिकांना स्वतःच्या हातानं उडवू द्या. दांड्यांचा वाद मात्र मिटलेला नाही. एअरबसच्या प्रवासी विमानांत दोन साइडस्टिक आजही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर दिवे लागतात नि आवाजी सूचना मिळते, आणि एक बटण दाबून दुसऱ्याची स्टिक निष्प्रभ करता येते, एवढ्यावर कंपनी समाधानी आहे. गल्फस्ट्रीमच्या जी-५०० या छोट्या जेटमध्ये मात्र मोटरच्या साहाय्यानं दोन्ही स्टिक एकत्र हलतात. डावीकडच्यानं ओढली की उजवीकडच्याच्या तळव्याला ती सरकलेली जाणवते.